लाल गाडीचा पिस्टन

गॅरेजवाल्या डार्लीनने सिलिंडर दोन्ही हातांनी धरला, जरासा डावी-उजवीकडे हलवला आणि अलगद वर उचलला. गॅरेजमध्ये जमलेली माणसं एकदम पुढे झुकली.

“सावली पाडू नका रे,” ती म्हणाली. “बघायचंय ना? मग सरका मागे.”

समोर ओट्यावर दोन इंजिनं होती. एक काळ्या रेव्हनचं, अँटनचं. दुसरं लाल केस्ट्रलचं, त्याच्या आईचं. बर्फावरच्या ह्या दोन गाड्यांवरून कॉपर फोर्क गावात सोयरिकी अडलेल्या होत्या. काळी चालवणारे लाल चालवणाऱ्यांच्या शेजारी गाडी उभीसुद्धा करत नसत. ‘रेव्हन पळते, केस्ट्रल पडते’ असं काळेवाले म्हणत, आणि लालवाले हेच उलटं करून म्हणत. आज पहिल्यांदाच दोन्ही इंजिनं एका ओट्यावर, एका दिव्याखाली उघडी पडणार होती.

अँटनची आई रोझालिया शेगडीजवळच्या स्टुलावर बसली होती. डावा हात कोटाच्या खिशात काहीतरी चाळवत होता. बाकीच्यांसाठी ही पैज होती. तिच्यासाठी तो उद्याचा शनिवार होता.

दर शनिवारी ती खिंड ओलांडून पलीकडे बहिणीकडे, टेरेझाकडे जायची, गाडीला मागे औषधं आणि पोविटिसा, म्हणजे अक्रोडाचा गोड पाव, बांधून. पलीकडचा रस्ता मे महिन्यापर्यंत बर्फाखाली असे. टेरेझाला गुडघ्यांमुळे घराच्या पायऱ्याही उतरवत नव्हत्या, आणि ते घर ती सोडणार नव्हती.

“केस्ट्रलचं इंजिन भर खिंडीत बसलं तर?” अँटनने मागच्या आठवड्यात विचारलं होतं. “अडुसष्ट वर्षांची आहेस तू, आई. लाल गाड्यांचे पिस्टन कसे फाटतात ते सगळ्यांना माहीत आहे.”

“माझा कुठे फाटलाय?”

“आतून ओरखडे पडले असतील. बाहेरून थोडंच दिसतं?”

“मग उघडून बघ.”

एवढ्यावर ठरलं. एक जरी ओरखडा निघाला तरी किल्ली अँटनच्या खुंटीला. शेजारच्या वेसला ही बातमी लागली आणि तो लाल टोपी घालून थेट अँटनच्या दारात आला.

“आईची उघडतोस, मग तुझी काळी राणी पण उघड की! का लाजते ती?”

“उघडतो. हरणाऱ्याने दुसऱ्याची टोपी घालायची. बर्फ वितळेपर्यंत.”

“कबूल. माझी टोपी धुऊन ठेवतो.”

आता डार्लीनने चिंधीने पिस्टन पुसला आणि दिवा जवळ आणला. लाल गाडीचा पहिला पिस्टन. ती तो हळूहळू फिरवत राहिली. 

“दुसरा काढते,” ती म्हणाली.

“अगं पण पहिल्याचं काय?”

“पहिल्यात बघण्यासारखं काही नाही.”

दुसराही तसाच निघाला. कडेने घडणीच्या बारीक रेघासुद्धा जशाच्या तशा होत्या, कारखान्यातून निघाल्यासारख्या. वेसने अशी आरोळी ठोकली की शेगडीवरचं झाकण थरथरलं. कुणीतरी टोपी वर उडवली, ती तुळईला अडकली.

“नऊ हिवाळे!” वेस ओरडत होता. “नऊ हिवाळे त्याच पिस्टनवर! अँटन, इकडे ये, बघून घे. हात लाव. चावत नाही.”

अँटन पुढे आला. त्याने खरंच हात लावला. बोटाच्या टोकाने पिस्टनची कड खालपासून वरपर्यंत चाचपली आणि आईकडे बघितलं. तिचा खिशातला हात थांबला होता. खांदे जरा खाली आले होते, एवढंच.

“माझी उघड,” तो डार्लीनला म्हणाला.

काळ्या गाडीचा सिलिंडर वर आला तेव्हा डार्लीनने नुसता दिवा तिरका धरला. पिस्टनवर चार जागी उभे ओरखडे होते, मांजरीने पंजा मारावा तसे. गाडी तिसऱ्याच हिवाळ्यात होती.

मग जे झालं त्याला गोंधळ हा शब्द अपुरा पडेल. लालवाले एकमेकांच्या पाठी बडवत होते. काळेवाले तेलाला, पेट्रोलला, कारखान्याला नावं ठेवत होते.

“थंड इंजिन पळवलं की हे असं चार जागी घासतं,” डार्लीन म्हणाली. “काळं असो नाहीतर लाल. पिस्टन आधी तापून फुगतो, सिलिंडर मागाहून...”

“चार लाल गाड्या!” वेस फोनवर दुकानदाराशी बोलत होता. “हो, मुलासाठी पण! मी सांगतो ना, डोळ्यांनी बघितलंय!”

डार्लीनने खांदे उडवले आणि पाना उचलला. अँटन तिच्या शेजारीच उभा होता. त्याने ऐकलं की नाही ते त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

वेसने फोन ठेवला आणि रोझालियाच्या स्टुलापुढे चक्क उकिडवा बसला.

“काकू, आता खरं सांगा. तेल कुठलं घालता?”

“दुकानात असेल ते.”

“पेट्रोल?”

“तू भरतोस तेच, नाक्यावरचं.”

“मग करता तरी काय हिला?”

रोझालियाने खरोखर आठवून बघितलं.

“काही नाही रे. बसते आणि जाते. ठेंगणी आहे, पाय पुरतात म्हणून घेतली होती.”

*

शनिवारी खिंडीवर नुकतं फटफटत होतं. रोझालिया पोविटिसाचं गाठोडं बांधत होती तेव्हा काळी गाडी अंगणात आली. अँटन ती शेजारून ढकलत आणत होता. डोक्यावर लाल टोपी.

“मी येतोय मागून,” तो म्हणाला. “मावशीला बघून बरेच दिवस झाले.”

“टोपी शोभते तुला.”

“आई, तू तरी नको.”

ती हसली. तिने इंजिनाची दोरी ओढली, लाल गाडी खोकत, धडधडत जागी झाली. अँटनने दोरी ओढली. आत डार्लीनने रात्री बसवलेला नवा पिस्टन होता. तो गाडीवर बसला, अंगठा सवयीने वेगाच्या खटक्यावर, थ्रॉटलवर गेला.

रोझालियाने डावा हातमोजा काढला. खिशातून जपमाळ निघाली. गाडी चालू, ती बसलेली, मान खाली, ओठ हलत होते.

हे तो लहानपणापासून बघत आला होता. चर्चला निघताना, शाळेला निघताना, मागच्या सीटवर पाय आपटत त्याने ही माळ संपायची वाट बघितली होती. मोठेपणी दरवेळी तो आधी निघून जायचा आणि ती मागून येऊन पोचायची.

अंगठा थ्रॉटलवर होता. लाल गाडीचा आवाज खडबडीत होता, मग थोडा कमी खडबडीत झाला. अँटनने तिच्या बोटांकडे बघितलं. मणी पुढे सरकत होते.

त्याने अंगठा काढला.

मग टोपी काढली आणि वाकून आपल्या गाडीच्या झाकणाला कान लावला. तळहात टेकवून बघितला. आतली धडधड अजून कोरडी, अडखळती होती. पत्रा थंडगार.

रोझालियाने दहावा मणी सोडला, क्रूसाची खूण केली आणि हातमोजा चढवायला घेतला. तेव्हा तिला तो दिसला. उघड्या डोक्याचा, वाकलेला.

“आई,” तो मान वर न करता म्हणाला, “अजून एकदा म्हण.”

तिने हातमोजा मांडीवर ठेवला.  मग तिने माळ पुन्हा बोटांत घेतली, आणि या वेळी मोठ्याने सुरुवात केली. ‘नमो मरिया’ प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हणून ती थांबली, घरात सगळे मिळून म्हणायचे तेव्हा थांबायची तशी.

अँटनचा तळहात पत्र्यावरच होता. उरलेला अर्धा त्याला अजून पाठ होता.

आधी लाल गाडीचा आवाज एकसारखा झाला, मग काळीचा. तरी दोघंही निघाले नाहीत. सहा मणी राहिले होते.