कंदिलाच्या पायाशी

"कंदील माझ्या दारी गं, उजेड पडे वाटेला,
काच निर्मळ ठेव बाई, काजळी नको ज्योतीला,
शिक्क्याचं फूल वाहा गं, कंदिलाच्या पायाला…"

हा सहदेवच्या बायकोचा, प्रेमाचा आवाज. पंच्याऐंशी सालच्या विधानसभेला हातगाडीवर बांधलेल्या कर्ण्यातून तो घाटकोपरची टेकडी चढत आला होता. दम लागलेला, तरी गोड. गाडी कधीच मोडीत गेली. आवाज द्रौपदीच्या कानात राहिला. तांदूळ निवडताना यायचा, चूल फुंकताना यायचा. गोड गोष्ट अशी सलत राहते हे तिला आधी ठाऊक नव्हतं.

टेकडीवर मतं फार होती, पाणी नव्हतं. दर निवडणुकीला खाली स्टेशनाकडचा कुणीतरी पांढऱ्या कपड्यांत वर यायचा, धापा टाकत नळ कबूल करायचा, निवडून यायचा आणि पुन्हा चढायचा नाही. ऐंशी साली मात्र एक नळ खरंच आला. कोकणी आळीच्या तोंडाशी. त्याच्या उद्घाटनाचा दगड नळापेक्षा मोठा होता. नाल्याच्या अलीकडे कोकणी आळी, पलीकडे साताऱ्याकडून आलेल्या बौद्धांची वस्ती, आणि दोन्हीकडच्या बायका त्या एका नळावर. तिथंच प्रेमा आणि द्रौपदीची गट्टी जमली. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं जोडायची, तोवर हंडा भरायचा.

"तुजी ओवी लंगडी गो," प्रेमा म्हणायची.

"आणि तुझी कुबडी घेऊन चालती," द्रौपदी म्हणायची.

दोघींचे नवरे एकाच गिरणीत, एकाच साचाखात्यात मागांवर. प्रेमाचा सहदेव, द्रौपदीचा भीमराज. संप झाला, गिरणी गेली, दोघंही एकदमच रिकामे झाले. मग स्टेशनवाल्याला पाडायचं ठरलं. टेकडीचा एकच माणूस उभा करायचा, असंही ठरलं. कोण, ते मात्र ठरेना. सहदेव म्हणाला मी, भीमराज म्हणाला मी का नको, आणि दोन्ही आळ्यांनी आपापला ओढला. दोघंही अपक्ष उभे राहिले. सहदेवला कंदील मिळाला, भीमराजला शिडी. मतपत्रिकेवर कंदिलाच्या खालच्याच रकान्यात शिडी होती.

कोकणी आळीच्या पुरुषांनी मतपत्रिकेचा नमुना चहाच्या टपरीवर नाचवला. घरात कुणी आणला नाही. बायकांना शिकवलं ते प्रेमाच्या गाण्यानं.

त्या आळीत तेव्हा वीज नव्हती. तिन्हीसांजेला कंदील लागला की म्हाताऱ्या हातातलं टाकून त्याला नमस्कार करत. काचेला ओलं बोट लागलं तरी सुनेला बोलणी बसत. मतदानाच्या दिवशी द्रौपदी शाळेच्या फाटकात रांगेत उभी होती. आतून सुलक्षणाआजी बाहेर आली, प्रेमाची चुलतसासू. प्रेमानं विचारलं, "मारलास ना गो नीट?"

"काचेर कसो मारू शिक्को? काळी होतली ना. तू गाण्यात सांगलंस तसो खाली पायाशी ठेवलंय. फुलासारखो."

मागून दुसरी आली. "मीय तसाच केलंय." मग तिसरी. सगळ्या खूश. प्रेमाच्या तोंडावरचा रंग उडाला. आत जाऊन कुणाला काही सांगायची सोय नव्हती आणि निम्मी आळी मत देऊन गेली होती. तिनं मान वळवली तर समोर द्रौपदी. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

खालचा स्टेशनवाला निवडून आला. सहदेवचं डिपॉझिट गेलं. आणि भीमराजला एवढी मतं पडली, की त्याच्या वस्तीत तेवढी माणसंच नव्हती.

निकालाच्या संध्याकाळी भीमराज घरी आला तेव्हाचा त्याचा चेहरा द्रौपदी विसरली नाही. भाकरी पुढ्यात ठेवली तरी हात लावीना.

"द्रौपदे, कोकणी आळीनं मला मत दिलं. ज्यांच्या घरात आपल्याला पाण्याचा पेला वेगळा, त्यांच्या बायांनी मला दिलं. हे कुणाला पटंल का?"

"जेवा आधी," ती म्हणाली. तेवढंच म्हणाली.

सहदेवला मात्र ते वेगळंच पटलं. दुसऱ्या दिवशी तो नळावर येऊन ओरडला, "आमच्या बायका फितवल्यास, भीमराज! आता पाणीपण आमचंच पिणार?" वस्तीच्या बायकांचे हंडे नळावरून काढले गेले. द्रौपदीचा हंडा घरंगळत दगडावर आपटला. प्रेमा तिथंच होती. तिनं आपली कळशी उचलली आणि खाली मान घालून निघून गेली. त्यानंतर वस्तीनं पाणी टेकडीखालून आणलं. वर्षानुवर्षं.

लगेच महापालिकेची निवडणूक आली. भीमराज तिथंही उभा राहिला आणि चांगलाच आपटला. पण त्याच्याकडे कारण होतं. "वॉर्डाची हद्द नाल्यावरनं गेली. कोकणी आळी दुसऱ्या वॉर्डात. माझी मतं तिकडं राहिली." 'माझी मतं' म्हणताना त्याचा आवाज हळू व्हायचा, लेकरांविषयी बोलल्यासारखा. पुढं ओळखीनं त्याला महापालिकेच्या पाणीखात्यात नोकरी लागली. जया आणि अंबादास, दोन्ही पोरं शाळेत टिकली ती त्या नोकरीवर. तरी पगाराच्या दिवशीही तो हिशेब मांडायचा तो पुढच्या विधानसभेचा.

एकोणनव्वद सरता सरता ती विधानसभा जवळ आली. त्याचा दोस्त सीताराम रोज येऊन बसायला लागला. "भीमराजदादा, यंदा तुमचंच. कोकणी आळी आहेच, आपली वस्ती आहेच. झकास जमतंय!" पण उभं राहायचं तर नोकरी सोडायला हवी होती. भीमराजनं ठरवून टाकलं. सोमवारी राजीनामा.

रविवारी बाजारात द्रौपदीनं प्रेमाला गाठलं. प्रेमाचे केस पांढरे झालेले, हातात सुकटीची पुडी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा समोरासमोर.

"प्रेमा, आमचे हे नोकरी सोडतायत. तुमच्या आळीच्या भरवशावर. एकदा तू येऊन सांग. तुझं गाणं होतं."

प्रेमा इकडं तिकडं बघत राहिली. "माज्या घोवाक आजून वाटता, भीमराजान घात केल्यान. त्या रागारच तर तो जगता गो. आता स्टेशनवाल्याचे झेंडे लावता. बायकोच्या गाण्यान पडलो ह्या कळला तर काय रवात त्येचा?"

"आणि माझ्याचं काय राहील?"

प्रेमानं पुडी पदराखाली घेतली. "तुज्या घोवाक निदान चार वर्षा सुख गावला," ती म्हणाली आणि गर्दीत शिरली.

द्रौपदी रिकामी पिशवी घेऊन टेकडी चढली. तिला प्रेमाचा राग आला, आणि ती खोटं बोलली नाही याचा जास्त आला.

घरी सीताराम बसलेला. भीमराजनं इस्त्रीचा सदरा खिळ्याला लावला होता. खूप दिवसांनी तो हसत होता.

"ये. मी काय म्हणतो, औंदा तू गाणं बांध. त्या वक्ताला सहदेवकडं गाणं होतं, आपल्याकडं न्हवतं. तरी त्यांच्या बायांनी मन ओळखलं. आता गाणं असलं तर बघ!"

"वहिनी, एक कडवं तर होऊ द्या," सीताराम म्हणाला.

"सीतारामभाऊ, तुम्ही घरी जा," द्रौपदी म्हणाली. तिचा सूर ऐकून तो चपला न शोधताच उठला, मग परत येऊन चपला घेऊन गेला.

"असं काय बोललीस त्याला?" भीमराज म्हणाला. "उद्या त्याचंच काम पडणार."

ती भिंतीला टेकून बसली. डोळे मिटले. मग बारीक आवाजात, जात्यावर बसल्यासारखी, गायला लागली. आपलं नाही, प्रेमाचं. कंदील माझ्या दारी गं. काच निर्मळ ठेव बाई. भीमराज आधी हसला. "हे न्हवं गं, हे त्यांचं. शिडीचं बांध."

ती थांबली नाही. शिक्क्याचं फूल वाहा गं, कंदिलाच्या पायाला. शेवटची ओळ तिनं पुन्हा म्हटली. मग पुन्हा. तिसऱ्यांदा म्हणताना तिनं बोटानं जमिनीवर एक रकाना काढला, त्याच्या खाली दुसरा काढला आणि बोट वरच्या रकान्यातून सावकाश खाली ओढत आणलं. दोन्हींमधली रेघ ओलांडून बोट टेकलं.

भीमराज त्या बोटाकडं बघत राहिला. खिळ्यावरचा सदरा वाऱ्यानं हलत होता.

"म्हातारीनं फाटकात सांगितलं, मी ऐकलं," ती म्हणाली. "तुमच्या तोंडावरचा आनंद मला मोडवला न्हाई, म्हणून गप बसले. त्यांनी तुम्हाला मत दिलं न्हवतं, अहो. काच काळी होऊ नये म्हणून त्यांनी शिक्का खाली ठेवला, आणि खाली तुम्ही होता."