दुसऱ्या ओळीतली जागा

तीन महिन्यांसाठी म्हणून पाळकसाहेबांनी माझ्या गळ्यात मारलेलं काम चौदा महिने चाललं. "बाई, नवा माणूस मिळेपर्यंत तेवढं गायनमंडळ सांभाळा," म्हणाले. एकतीस वर्षं शाळेत गाणं शिकवून मी नुकतीच निवृत्त झाले होते, आणि घरी बसणं म्हणजे काय ते तेव्हाच कळायला लागलं होतं. आमचे हे जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा लांब असतो, फोनवर "जेवलीस का?" विचारतो आणि मी हो म्हणते. त्यामुळे तोंडाने आढेवेढे घेतले, पण मनात म्हटलं, आंधळा मागतो एक डोळा.

मंडळात अकरा जण. एकेक नमुना! सगळ्यात खालच्या आवाजात सलूनवाला, त्याचं निम्मं लक्ष घड्याळाकडे. वरच्या सुरात दाताची डॉक्टरीण. दिवसभर दुसऱ्यांना तोंड उघडायला सांगते, स्वतः काही उघडत नाही. चर्चमधली पेटी मीच वाजवायचे, त्यामुळे माझे दोन्ही हात अडकलेले. मग इशारा कसा करणार? मी भुवया उचलायचे. भुवया वर गेल्या की श्वास, खाली आल्या की सूर. हे त्यांच्या इतकं अंगात मुरलं, की एकदा पाळकसाहेबांचं प्रवचन पाऊण तास लांबलं, वैतागून माझ्या भुवया वर गेल्या, आणि अकराच्या अकरा जण उभे राहून गायला लागले. पाळकसाहेब बिचारे "आमेन" म्हणून खाली बसले.

मग नवा मास्तर मिळाला. तिशीचा, संगीताची पदवी घेतलेला. नावं ठेवायला जागा नाही, हाच त्याचा मोठा दोष. पहिल्याच भेटीत मला "मावशी" म्हणाला. मी कधी झाले रे तुझी मावशी, असं अगदी ओठांवर आलं होतं. त्याला कपाटाची किल्ली दिली, गीतांच्या फायली दिल्या, कोण कुठे घसरतं तेही सांगितलं. मंडळाने मला फुलं दिली, टाळ्या वाजवल्या. सलूनवाला म्हणाला, "बाई, आता आराम करा." आराम! मेला काय करायचाय आराम?

घरी येऊन धाकट्या बहिणीला फोन केला. "ताई, तात्पुरतंच होतं ना ते?" ती म्हणाली. होतं ना. तात्पुरतंच होतं. पण मला सुटायचं नव्हतं त्यातून. पुढारपण नकोच होतं. कोपऱ्यात नुसतं उभं राहायला मिळालं असतं तरी चाललं असतं. पण आपल्या तोंडाने मागायचं कसं?

शनिवारी त्याचाच फोन आला. "मावशी, खालच्या सुरातली एक बाई तापाने आडवी झालीय. उद्या दुसऱ्या ओळीत उभ्या राहाल? आणि मला विचाराल तर, पुढेही तिथेच राहा."

"बघते," मी म्हटलं. बघायचं काय होतं त्यात, डोंबल? फोन ठेवला आणि लगेच कपड्यांना इस्त्री करायला घेतली.

रविवारी दुसऱ्या ओळीत उभी राहिले. शेजारणीने कोपराने ढोसलं, "आलात का!" इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मास्तर समोर आला. पहिलं गीत वाद्याशिवाय होतं. त्याने हात उचलला, खाली आणला.

कुणी गायलंच नाही. पुढची ओळ मागे वळली होती, माझ्या ओळीतल्यांनी माना वळवल्या होत्या, आणि दहाही जण माझ्या तोंडाकडे बघत होते. मी झटकन जमिनीकडे बघितलं. त्याने पुन्हा हात उचलला. या वेळी निम्मे गायले, निम्मे माझी वाट बघत राहिले. बाकांवर कुजबुज सुरू झाली. मास्तरचे कान लाल झाले. "गुरुवारच्या तालमीत तर छान झालं होतं हो," शेजारीण पुटपुटली. गुरुवारच्या तालमीला मी नव्हते.

खोटं कशाला बोलू, आधी मला आनंदच झाला. बघा, माझ्यावाचून पान हलत नाही! पण तो जेमतेम दोन श्वास टिकला. कारण आता तो पोरगाही माझ्याकडेच बघत होता, आणि त्याच्या नजरेत राग नव्हता. उचला एकदाच्या भुवया, एवढंच म्हणत होता. उचलल्या असत्या तर गाणं लागलं असतं. मग पुढच्या रविवारीही उचलाव्या लागल्या असत्या, त्याच्या पुढच्याही. मी त्या ओळीत असेपर्यंत त्याचा हात नुसता हवेत फिरला असता.

मी पुस्तक शेजारणीच्या हातात दिलं, तोंडाला रुमाल लावून खोटं खोटं खोकले आणि बाजूच्या दाराने बाहेर पडले. पायऱ्या उतरते न उतरते तोच आत गाणं सुरू झालं. सगळे एकदम, एका श्वासात. मी घ्यायचे त्याहून लय जराशी पुढे होती, आणि मेली तीच बरोबर होती.

दुपारी त्याचा फोन. "मावशी, बरं आहे ना? पुढच्या रविवारी याल ना? तुमची जागा ठेवतोय."

"गळा गेला रे माझा," मी म्हटलं. "डॉक्टर म्हणतात, आता गायचं नाही."

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

तो हळूच "काळजी घ्या" म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं, ते मला ऐकवेना, म्हणून मीच आधी फोन ठेवला.

मग स्वयंपाकघरात उभं राहून सकाळचं गीत म्हणायला घेतलं, माझ्या वाट्याचा खालचा सूर. गळ्याला काय धाड भरली होती? चांगला स्वच्छ होता. पण खालचा सूर एकट्याने म्हटला की ते गाणं वाटतच नाही. दोन-तीन स्वरांतच घुटमळत राहतो, वरच्यांची वाट बघत. पहिलं कडवं संपलं. गीताला चार कडवी होती. चारही म्हटली.