आत्याचं अस्वल

मी अडखळत बोलते, लहानपणापासून. मला त्याची लाज नाही, पण लोकांना भारी घाई. मी शब्दाच्या दारात थांबले रे थांबले, की समोरचा मागून ढकलतोच. चष्म्याच्या दुकानात मालकाने मला मागच्या खोलीत काचा घासायला बसवलंय, ते काही माझा हात चांगला म्हणून नव्हे. गिऱ्हाइकाशी बोलायला लागू नये म्हणून. हात चांगला आहे, ती गोष्ट वेगळी.

माझी भाची, मुंगी, सात वर्षांची. आम्ही सगळे एकाच घरात राहतो. तीही माझ्यासारखीच अडखळते. यंदा तिने वर्गात मोठ्याने वाचायचंच सोडलं. बाईंनी उभं केलं की तोंडात मिठाची गुळणी.

म्हणून मी एक वेबसाइट शोधून काढली. लेखकांनी मोकळ्या मनाने वाटायला दिलेली मुलांची पुस्तकं तिथे वयाप्रमाणे लावलेली आहेत, आणि कोणालाही एखादं पुस्तक वाचून त्याचं रेकॉर्डिंग चढवता येतं. मुंगी ऐकायला बसली. वाचणारा एकेक असा घडाघडा, जणू जिभेला तेल लावून बसलाय. थोड्याच वेळात तिने फोन पालथा ठेवला.

"मला नाही ये... येत असं," म्हणाली आणि उठून गेली.

माझं डोकंच फिरलं. एवढ्या मोठ्या जगात अडखळणारं कोणी गोष्ट वाचतच नाही की काय? त्याच रविवारी बाहेरचा आवाज नको म्हणून कपाटातल्या कपड्यांत डोकं खुपसून मी बूट हरवलेल्या अस्वलाची गोष्ट वाचली आणि दिली पाठवून.

ती परत आली. सोबत निरोप : अडखळणं काढून पुन्हा पाठवा.

"त्यात काय, मी साफ करून देतो," दादा म्हणाला. दादा म्हणजे मुंगीचा बाप, माझा भाऊ. सगळ्यांचं सगळं साफ करून द्यायची त्याला हौस. केलंही त्याने. मुंगीने ते नीट कान देऊन ऐकलं.

"ही आत्या नाहीये," ती म्हणाली.

विषय संपला. मी पहिलंच रेकॉर्डिंग पुन्हा पाठवलं. परत आलं. पुन्हा पाठवलं. मी कुठली ऐकतेय!

शेवटी साइटच्या संपादिकेचा फोन आला. मुंगी शेजारी पेन्सिल चावत बसली होती. मी मुद्दाम स्पीकर चालू केला.

"ताई, तुमची भावना कळते हो," संपादिका म्हणाली. "असं करू, आमचा 'सरावाची वाचनं' म्हणून एक कप्पा आहे, त्यात ठेवू. शोधल्यावर दिसत नाही, पण लिंक असली की उघडतं."

"म्हणजे अ... अ..."

"अडचण काय आहे, असंच ना?"

"नाही. अ..."

"अवघड वाटतंय का शोधायला?"

"थांबा," मी म्हणाले. "वाक्य माझं आहे. मी... मीच संपवणार."

मी चांगला सावकाश श्वास घेतला.

"म्हणजे अ... अडगळीत. तिथे नको. बाकीच्या गो... गोष्टी मुलांना जिथे सापडतात, तिथेच ठेवा. नाहीतर राहू द्या. कात्री लावणार नाही."

"लोक तक्रारी करतील, ताई."

"क... करू द्या. त्यांना ऐकायला बाकीचे आहेत की!"

"बघते," म्हणून तिने फोन ठेवला. 'बघते' म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे. मालकही कधीपासून मला पुढे बसवायचं बघतोय.

पण आठवड्याभरात अस्वल दिसलं. सहा ते आठ वर्षांच्या गोष्टींत, सगळ्यांच्या रांगेत, न कापलेलं. खाली एक तक्रारही हजर : 'किती हळू वाचतात!' मी ती मुंगीला वाचून दाखवली, तीही हळूहळूच. ती पोट धरून हसली. मग रोज शाळेतून आली की ती अस्वल लावायची आणि माझ्या बरोबरीने वाचायची. मी अडायचे तिथे ती पुढे जायची, ती अडायची तिथे मी.

परवा जेवताना ती म्हणाली, "बाबा, उद्या वर्गात मी अ... अ..."

"अभ्यास दाखवणार?" दादाने सवयीने टोक जोडलं. "का अंक म्हणणार?"

मुंगीने हातातला घास ताटात ठेवला.

"थांब बाबा. वाक्य मा... माझं आहे."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आम्ही सगळे जेवायचं थांबलो. तिने लागेल तेवढा वेळ घेतला.

"उद्या वर्गात मी अ... अस्वल वाचणार आहे. उभी राहून."