मुका धवला

माझ्या आत्याचा आवाज मी धाग्यादोऱ्याच्या एवढ्याशा बोळ्याने बंद केला, हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही, बायकोलाही नाही. चैत्रातल्या दुपारी मिठागरावर ऊन असे उतरते की त्या शुभ्रतेकडे उघड्या डोळ्यांनी पाहवत नाही. आत्याचा आवाज तसा होता. त्यात माधुर्य नव्हते, आर्जव तर नव्हतेच. होती ती क्षारासारखी करकरीत, जखमेवर पडली तर झोंबणारी धार. ती गाऊ लागली की मांडवातल्या बायका नकळत पाठीचा कणा ताठ करून बसत.

ती कळव्याची धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला त्याचा धवला असतो. धवलारीण तो गाते, भोवतीच्या बायका ओळ उचलतात, आणि त्या गाण्यात घरातल्या माणसांची नावे एकेक करून गुंफली जातात. ज्याचे नाव धवल्यात आले तो त्या घरचा. मिठागरे गेली, त्या जागी इमारती उभ्या राहिल्या, ज्यांच्या आज्या डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहत त्यांच्या नाती लिफ्टमधून खाली उतरू लागल्या. पण कोण घरचे आणि कोण उपरे हे ठरवण्याचा अधिकार आत्याच्या कंठातून काही सुटला नाही. मला त्या अधिकाराचा द्वेष वाटत आला आहे. आजही वाटतो.

माधवी डोंबिवलीची, नोकरदारांच्या घरातली. आम्ही लग्न ठरवले तेव्हा आत्या काहीच बोलली नाही. हळदीला मात्र नऊवारी नेसून, कपाळभर कुंकू लावून ती मांडवाच्या मध्यभागी बसली आणि ओठ मिटून घेतले. बायका तिच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. तिने सावकाश पान लावले, चघळले, आणि माझ्या आईला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "मुका लगीन लागला, मुकाच ऱ्हाईल." त्या दिवसापासून माधवीचे नाव मुकी पडले. कुठल्याही हळदीला गेलो की आत्या खुर्चीकडे हात करून म्हणायची, मुकीला बसवा कोपऱ्यात, तिला काय कळते यातले. माधवी हसून बसायची. कोपऱ्यात बसणाऱ्या माणसाचे हसू हळूहळू कसे पातळ होत जाते ते मी पाहत आलो, आणि दरवेळी गप्प राहिलो. आमच्या घरात खरा मुका मी होतो.

यंदा आमच्या मुलीचे, सायलीचे लग्न ठरले आणि आत्याने मला कळव्याला बोलावून घेतले. देह वाळून काटकीसारखा झालेला, मान किंचित हलणारी. पण डोळ्यांतली हुकमत तशीच. खिडकीशी बसली की तिची बोटे मांडीवर ठेका धरत, मध्येच थबकत, पुढची ओळ हवेत चाचपडत. तिला लिहिता-वाचता येत नाही. सगळे धवले डोक्यात, आणि डोके आता गळू लागलेले. मागे नात्यातल्या एका लग्नात कुणीतरी दोन बाजूंना दोन माइक ठेवून तिचे धवले नीट रेकॉर्ड केले होते आणि एका बोटभर प्लेयरमध्ये भरून दिले होते. तो इवलासा यंत्रखंड ती रुमालात गुंडाळून कमरेच्या पिशवीत ठेवायची. त्याला स्पीकर नाही. ओळ विसरली की हेडफोन लावूनच ऐकायचे. हेडफोन कानांवरून घसरू नयेत म्हणून ती डोक्यावरून पदर घट्ट ओढून घ्यायची.

"सायलीच्या हलदीला मी गानार," ती म्हणाली. "पन यात माजा आवाज कं गेला रं? बायांचा येतं, माजा येत नाय."

मी ऐकले. खरेच, मांडव होता, भांडी होती, पोरांचा गलका होता, ओळ उचलणाऱ्या बायका होत्या, आणि त्या सगळ्यांच्या मध्यभागी जिथे ती असायला हवी होती तिथे एक भोक होते. दूर, विहिरीच्या तळातून आल्यासारखी तिची नुसती सावली. मनात आले, शोभते तुला.

असल्या वस्तू उघडून बघायची मला लहानपणापासून खोड. प्लेयर मी डोंबिवलीला आमच्या घरी घेऊन आलो. दुसरा हेडफोन लावून पाहिला, तेच. तिचा हेडफोन माझ्या मोबाइलला लावला, सगळे स्वच्छ. म्हणजे दोष प्लेयरच्या जॅकमध्ये, पिन घालायच्या भोकात. पिन हलकेच फिरवली की आवाज खरखरत जवळ यायचा, सोडली की पुन्हा बुडायचा. टॉर्च मारून आत पाहिले, तर त्या चिमुकल्या विवराच्या तळाशी रुमालाच्या धाग्यांचा मळ बसून बसून घट्ट झालेला. पिन केसभर बाहेर राहत होती, त्यामुळे तिचा एक जोड टेकत नव्हता; आणि तो टेकला नाही की दोन्ही कानांत जे समान असते तेच एकमेकांना खोडून टाकते, कडेकडेचे तेवढे उरते. आत्या दोन माइकच्या बरोबर मध्ये बसून गायली होती. म्हणून तीच पुसली गेली.

टाचणीने मळ काढला, काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटने आत पुसून घेतले, पिन लावली. कट्‌ असा बारीक आवाज करून ती पूर्ण बसली, आणि ती धार दोन्ही कानांतून थेट मस्तकात शिरली. इतकी जवळ, इतकी निर्विवाद, की मी पुन्हा त्या मांडवात उभा होतो, हळद अंगावर सुकत होती, आणि माझी आई खाली पाहत होती. बाहेर दुपार होती. स्वयंपाकघरात माधवी हळदीच्या पाहुण्यांची नावे फोनवर कुणाला तरी सांगत होती. मी मळाचा तो बोळा उचलला आणि टाचणीने पुन्हा जागच्या जागी दाबून बसवला.

"आत्या, रेकॉर्डिंगच खराब झालंय. तुझा आवाज उडाला त्यातून," मी कळव्याला जाऊन सांगितले.

"बाकीच्यांचा नाय उडाला?"

"नाही."

तिने प्लेयर माझ्या हातातून घेतला. "मंग त्याला माजाच राग आला आसंल," म्हणाली आणि रुमालाची गाठ मारू लागली. तिच्या बोटांना ती गाठ जमेना. मी मदत केली नाही.

हळदीला तिला दोघींनी धरून आणले. डीजेवाल्या पोरांना तिने नुसत्या भुवईने थांबवले. मग ती गायली. आवाज फाटका, पण धार तीच. देवांची नावे झाली, वाडवडिलांची झाली, माझे झाले. पुढे मुलीच्या आईचे नाव येते, आणि तिथे ती काय करणार हे मला ठाऊक होते. ती पाटावरच्या माधवीकडे वळली. आणि तिने नाव घेतले. माधवीबाय, असे, दोनदा, लांबवून, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असे.

आणि तिथेच पुढची ओळ हरवली. ओठ हलत राहिले, बोटे हवेत चाचपडत राहिली. बायका ओळ उचलायला थांबल्या होत्या; उचलायला काही नव्हते. कुणीतरी मागे खुसफुसले की म्हातारीचे संपले आता. माधवी पाटावरून उठली, हळदीचे हात पुसण्याचेही भान न ठेवता तिने आत्याचा हात धरला.

"आत्या, बसा तुम्ही. माझं नाव घेतलंत, मला पोचलं."

"अर्ध्यात ऱ्हायला गो बाय," आत्या म्हणाली. "पोरीचा नाव यायचा हाय अजून." ती माझ्याकडे बघत होती, रागाने नव्हे, ओळ सांगेन अशा आशेने. मला येत होती. त्या दुपारी दोन्ही कानांनी ऐकली होती; नाव तेवढे बदलायचे होते. सुरू कर म्हणून मी डीजेवाल्याकडे मान हलवली.

त्यानंतर आत्या गायलेली नाही. प्लेयर तिने त्याच रात्री मांडवातून निघताना माझ्याकडे दिला, आता ठेव तूच म्हणून. तिने बायकोला इतकी वर्षे जे केले ते मी विसरलेलो नाही, आणि विसरण्याचा मोठेपणा माझ्यात नाही. कळव्याहून कानावर येते की तिच्या स्मरणातून आता रोज एखादा धवला निघून जातो आणि त्याची जागा रिकामीच राहते. काळ माणसाला असा आतून नेतो, देह तेवढा खिडकीशी ठेवून. जॅक मी केव्हाच साफ केला आहे. कळव्याला मात्र हळदीनंतर गेलेलो नाही. तिला खरे सांगणे आणि सायलीच्या नावाची ती ओळ, या दोन गोष्टी मी आत्याला देणे लागतो.