पिवळे हात

संत्र्यांच्या हंगामात दक्षिण कोरियातल्या जेजू बेटावर सगळ्यांचेच तळहात पिवळे होतात. दिवसभर संत्री तोडायची आणि भूक लागली की तीच खायची. म्हणून ओक्सुनचे हात पिवळे दिसले, तेव्हा तिच्या नवऱ्याला, छांगहोला, त्यात काही वावगं वाटलं नाही.

सप्टेंबरात तिच्या पित्तनळीत गाठ निघाली होती. पित्त वाहतं राहावं म्हणून डॉक्टरांनी तोंडावाटे दुर्बीण घालून आत प्लॅस्टिकची बारीक नळी बसवली. "ही मध्येच तुंबू शकते. थंडी वाजून ताप आला किंवा पिवळेपणा दिसला, तर त्याच दिवशी या." छांगहोने मान डोलावली. नळी बदलायची तारीख तोडणीनंतरची घेतली.

शेजारची मल्सुन मदतीला आली होती. "अगं, बाजारात काही पाठवणार आहेस की सगळी बाग तूच खाणार? हात बघ तुझे!"

"आधी स्वतःचे बघ," ओक्सुन म्हणाली.

बुधवारी तिला हुडहुडी भरली.

"अहो, दवाखान्यात जाऊन येऊ या का?"

"वारं बघ केवढं सुटलंय. मीही गारठलोय. दोनच ओळी राहिल्यात. शनिवारी जाऊ."

तिने पुन्हा विचारलं नाही. संध्याकाळी त्याने रोजच्यासारखी गोड संत्री निवडून तिच्या उशाशी ठेवली.

शनिवारी ती उठेना. दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी तिची पापणी खाली ओढली. डोळा पिवळाजर्द होता.

"कधीपासून आहे हे?"

"संत्र्यांनी झालंय. हंगामात आम्हा सगळ्यांचेच हात..."

"संत्र्यांनी हात पिवळे होतात, आजोबा. डोळे नाही होत. डोळे पाहिले नाहीत तुम्ही?"



तुंबलेली नळी काढून त्यांनी लगेच नवी बसवली. पण जंतू रक्तात गेले होते. तिसऱ्या दिवशी ओक्सुन गेली.

घरी येऊन त्याने तिचं अंथरूण गुंडाळलं. उशामागे त्याने रोज ठेवलेली संत्री तशीच होती. खालच्यांना बुरशी आलेली. एकही सोललेलं नव्हतं. तिचं खाणंच सुटलं होतं, आणि एका घरात राहून त्याला ते कळलं नव्हतं.

यंदा मल्सुन पुन्हा तोडणीला आली. "भाऊजी, झाले बघा माझे हात पिवळे!"

छांगहोने कात्री खाली ठेवली आणि जवळ जाऊन तिच्या डोळ्यांत पाहिलं. ते पांढरेस्वच्छ होते.

"असं काय बघताय?"

"काही नाही," तो म्हणाला. "तुला काही झालेलं नाही."