बारशाचं ताट

"घेतलेला नेम कुणापाशी बोलू नये गं. बोललं की फळ जातं." सासूबाई जाऊन नऊ वर्षं झाली, तरी चातुर्मास लागला की त्यांचा आवाज कानाशी येतो. यंदा, शहात्तर साली, यांचं छातीचं दुखणं वाढलं, तेव्हा कार्तिकी एकादशीपर्यंत परक्या घरचं अन्न घ्यायचं नाही, असं मी देवापुढं मनातच म्हटलं.

शेजारच्या पार्वतम्माला मात्र आधीच शब्द दिला होता, नातवाच्या बारशाला तुझ्या हातचं पोटभर जेवेन. तिचा नवरा मागावर चादरी विणायचा. बारसं श्रावणात आलं. मी गेले, पाळणा म्हटला, बाळाला टोपडं घातलं. तिनं ताट पुढं आणलं तेव्हा नुसते हात जोडले. ती ताट उचलून आत घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी नळावर म्हणाली, "आमच्या घरचं चालत न्हाय, हे आधी सांगायचं की अक्का. पाळणा तेवढा चालला व्हय?"

मी घागर उचलून घरी आले. नेम तोंडातून काढायचा कसा? त्यानंतर दोन महिने मी दिसले की ती दार ओढून घ्यायची.

काल लीला इंग्रजीचा धडा घोकत होती. 'राँग एंड ऑफ द स्टिक.' काय गं हे, म्हणून विचारलं. काठीचं भलतं टोक धरणं, म्हणजे समोरच्याच्या मनात एक असतं आणि आपण दुसरंच समजून बसतो, असं बाईंनी सांगितलं म्हणे.

"वाक्यात उपयोग करायचाय आई. एखादं सांग ना."

तुझं तूच शोध, म्हटलं. वाक्य माझ्याजवळ होतं.

वही मिटता मिटता लीलानं सांगितलं की पार्वतम्माचा माग बंद पडलाय, उद्या दुपारच्या गाडीनं सगळी भिवंडीला चाललीत.

आज सकाळी पूजा झाली, पण मी पाण्याशिवाय काही घेतलं नाही. एकादशीला अजून तीन आठवडे होते. आत यांना खोकल्याची उबळ आली आणि हात जोडलेलेच राहिले. नेम मी मोडतेय, देवाला म्हटलं, त्याचं काय व्हायचं ते माझं होऊ दे, यांचं नको.

पार्वतम्माच्या दारात बोचकी बांधून ठेवलेली दिसत होती. चुलीचा धूर मात्र अजून येत होता. मी पदर सारखा केला आणि उपाशीपोटी पायरी उतरले.