भिंतीकडची जागा

"फादरची कबर पुढच्या रांगेत खण," कमिटीचे सेक्रेटरी म्हणाले, "कारखानदारसाहेबांच्या शेजारी. उद्या बिशप येणार आहेत. संगमरवर सांगून ठेवलाय."

तीस वर्षं या कबरस्तानात कबरी खणतोय, कमिटीच्या माणसाला कधी उलट बोललो नव्हतो. आज जीभ आवरली नाही.

"साहेब, ज्याच्या फाटकाबाहेर फादर चाळीस दिवस उभे राहिले, त्याच्याच शेजारी निजवता त्यांना? अहो, मेल्यावर तरी सोडा!"

"जुनं उकरू नकोस."

"उकरणं हाच माझा धंदा आहे."

कारखान्याला आग लागली तेव्हा दाराला बाहेरून कुलूप होतं. बारा बायका गेल्या. त्यातली एक माझी. मालक चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचा, म्हणून कुणी चकार शब्द काढला नाही. फादरनी काढला. वेदीवरून म्हणाले, "देव आज त्या फाटकाबाहेर उभा आहे. मी तिकडे चाललो." आणि खरोखरच पायऱ्या उतरून चालू लागले. त्यापायी मोठं चर्च हातचं गेलं. उरलेलं आयुष्य त्यांनी कामगारांच्या वस्तीत एका खोलीत काढलं. भिंतीकडच्या त्या बाराही कबरी त्यांनी माझ्याबरोबर खणल्या होत्या. हाताला फोड आले तेव्हा म्हणाले, "नुसते आशीर्वाद देऊन हात मऊ पडलेत रे."

गेल्या महिन्यात दवाखान्यात त्यांनी माझं मनगट धरलं. "मला भिंतीकडे ठेव. त्यांच्यात." मी हो म्हणालो. हो म्हणायला काय जातं!

सेक्रेटरींनी नकाशा उलगडला. "भिंतीकडे जागा आहे कुठे? दाखव."

होती. एकच. माझ्या बायकोच्या शेजारची, माझ्या नावाची. रोज दुपारी मी तिथे बसून डबा खातो. 'उभ्याने खाल्लेलं अंगी लागत नाही,' हे तिचं ठरलेलं वाक्य. म्हणून बसायचं, आज नवीन कोण आलं ते तिला सांगायचं. घरी बोलायला कोण आहे?

मी नकाशावर बोट ठेवलं.

"अरे, ही तुझी."

"मी अजून मेलोय कुठे?"

ते हसले नाहीत. "नीट विचार कर. इथे आता वीतभर जागा नाही. ही दिलीस की तुला शहराबाहेरच्या नव्या कबरस्तानात जावं लागेल." मग आवाज खाली आला. "वहिनींपासून लांब."

फादरना दिलेला शब्द ऐकायला तिसरं कुणी नव्हतं. गप्प बसलो असतो तर कुणाला कळणार होतं?

"लिहा त्यांचं नाव," मी म्हणालो.

"आणि बिशपना काय सांगू?"

"म्हातारा ऐकत नाही म्हणून सांगा. पेटी वस्तीतली माणसं उचलणार आहेत. ती कुठे वळतील, ते तुम्ही ठरवणार का?"

सेक्रेटरींनी नकाशावरचं माझं नाव खोडलं. मग फादरचं लिहिलं.

"अगं, पाहुणा येतोय," खणताना मी तिला म्हणालो. "तुझ्या ओळखीचाच आहे. रागावू नकोस." तिच्या बाजूची माती फार जपून काढली. मध्ये हातभर तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी फाटकातून आत आली आणि कुणालाही न विचारता भिंतीकडे वळली. बिशप झगा सावरत मागून आले. त्या बारा जणींची मुलं आता बापे झालीत, बाया झाल्यात. सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. मी फावड्याने बाकीची लोटली. हळूहळू माणसं पांगली.

दुपारी सवयीने डबा घेऊन तिच्याकडे गेलो, तर बसायला जागाच नाही. ताज्या मातीवर कसा बसू? फादर असते तर 'बस रे' म्हणाले असते, पण मला बसवेना. फार एकटं वाटलं. ती गेली तेव्हासुद्धा इतकं वाटलं नव्हतं. तेव्हा निदान शेजारची जागा होती.

डबा उघडला. तिच्याकडे न बघता उभ्यानेच खाल्ला.